वहाणांच्या मालकाला दिलेलं आमंत्रण

आता तुम्हीच सांगा, पाहुण्याला 'येऊ नका' असं तोंडावर कसं सांगायचं, आणि तोही असला पाहुणा, ज्याला मुळात तोंड... थांबा, मी मानत नाही हां असलं काही. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलंय मी. पण तुम्हाला सांगते, रविवारपासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, आणि कशापायी, तर माझ्याच मुलीच्या चांगल्या वळणापायी.

झालं काय, की आमच्या गौरवीला, पाच वर्षांची आहे, मी डिचोलीहून पणजीच्या मोठ्या ग्रंथालयात नेलं. नवरा, श्रीनाथ, म्हणत होता, "अगो, चित्रांची पुस्तकं हांगा डिचोलीतपण मेळतात," पण नाही, मला पाच वर्षांच्या पोरीला दुर्मिळ पोथ्या दाखवायच्या होत्या. असते एकेकीला हौस. त्या पोथ्यांना लागूनच छोटं संग्रहालय, गार, अंधारलेलं, आणि तिथे काचेच्या पेटीत... वहाणा. चामड्याच्या, हातभर लांब. खाली चिठ्ठी, 'राखणदार देवचाराच्या, पेडणे.'

आता पेडणे म्हणजे माझं माहेर. देवचार रात्रभर गावाची शीव फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, मग गाव त्याला नवा जोड वाहतो, हे ऐकतच मी वाढले. झिजलेला जोड कुणीतरी उचलून इथे आणला होता. मी मानत नाही, पण कुलूपबंद पेटीतल्या त्या तळव्यांना ओली तांबडी माती होती. तिथल्या शिपायाला, रुद्रेशला, विचारलं तर म्हणाला, "एसीची ओल ती, मॅडम." आणि मग माझ्याकडे न बघता, "कालच पुसलेली."

मी पोरीला ओढत निघाले. आणि आमच्यात पद्धत काय, की निघताना समोरच्याला 'आमगेर येयात हां' म्हणायचं, आमच्या घरी या. मीच शिकवलंय तिला. इंजेक्शन टोचणाऱ्या नर्सलासुद्धा म्हणते ती. तर ही वळली, हात जोडले, आणि वहाणांकडे नाही, त्यांच्या बरंच वर, उंच माणसाचं तोंड असतं ना तिथे बघत म्हणाली, "आमगेर येयात हां." मग जरा थांबून, "डिचोलीत." आता मला सांगा, 'कुठे राहता' असं कुणी विचारल्याशिवाय कोण म्हणतं डिचोलीत?

घरी सांगितलं तर श्रीनाथ हसतोय, "येऊ दे गो, नाहीतरी आपल्या बिल्डिंगेक वॉचमन ना." सासूबाई, सुलोचना त्यांचं नाव, त्या तर उलट माझ्यावरच डाफरल्या, "पावण्याक आपोवन मागीर येवूं नाका म्हणटात?" म्हणजे बोलावून मग नको म्हणायचं नाही. बरं, पोर तेव्हापासून रोज अर्धी पोई, आमचा गोव्याचा पाव हो, बशीत बाजूला काढते. ती पोई जाते कुठे, विचारू नका. आमच्याकडे कुत्रा नाही. मी मानत नाही, पण येण्याचं भय नव्हतंच हो मला, एक चहा काय जड होता... भय पुढचं. आमच्यात पाहुणासुद्धा उठताना उलट बोलावतो, 'आता तुम्ही या.' आणि माझी पोर अशी गुणी, की लगेच चप्पल शोधायला लागेल.

म्हणून तो यायच्या आत, आज, तिला कडेवर घेऊन मी परत पणजीला. रुद्रेश बघतोय, शेजारी कॉलेजची मुलं बघतायत, आणि मी, एम.एस्सी., पेटीसमोर हात जोडून, "देवा, लेकरू लहान आहे, बोलून गेलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तुमच्या पायांना त्रास. कृपा करून येऊ नका." आतून काही नाही. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

तर गौरवी माझ्या कानाशी वाकून, माझीच लाज वाटल्यासारखं हळू बोलली, "आई, ते येऊन गेले की. आता आपण जायचंय त्यांच्याकडे. चालत नेणार आहेत. मी सांगितलं त्यांना, आईला बसमध्ये उलटी होते."