जागा न सोडता

हाडांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक भाची आपल्या आत्याला घेऊन बसली होती. आत्याचा हात प्लास्टरमध्ये होता.

“आत्या, आता एकटं राहणं पुरे. आजच आमच्याकडे चल.”

“ते राहू दे. तू इतकी वर्षं झाडांबद्दल शिकतेस. त्यांना हाडं असतात का गं?”

“हाडं नाहीत, पण प्रत्येक पेशीत बारीक धाग्यांचा सांगाडा असतो.”

“मोडतो का?”

“सारखा. ताण आला की मोडतो आणि नव्या दिशेनं पुन्हा बांधला जातो.”

“आणि तेवढ्यासाठी झाड भाचीकडे राहायला जातं?”

“नाही, पण झाड स्टुलावर चढत नाही, आत्या!”

“टांगलेल्या कुंडीतल्या झाडालाच पाणी घालायला मी चढले होते.”

“तेच म्हणते मी.”

“मग स्टूल ने तुझ्याकडे. मी नाही येणार.”