मंजिरीबाईंचं हळदीकुंकू

अहो, ते ऑफिसातलं आहे विजयाबाई — ऑफिसचं गॅदरिंग होतं, फॅन्सी ड्रेस म्हणतात ना, तसलं — मुलं करतात गंमत, कुणी साधू होतो, कुणी पोलीस होतो, आमचा अंबरीश बाई झाला, बस, इतकंच. तुम्ही बसा तर आधी. इकडे, पंख्याखाली. दारातून नका बोलू, समोरच्यांचं दार दिवसभर उघडं असतं. चहा टाकते — नको? बरं, पाणी तरी घ्या. होणाऱ्या विहिणीने घरी यावं आणि पाण्याला हात लावू नये, असं नका करू. हो, पाहिला मी फोटो. आपल्या लोकांच्या ग्रुपवर मंगळवारी सकाळी आला, माझी पूजा चालली होती. खाली काय काय लिहिलंय तेही वाचलं. ‘कृष्णरावांचा मुलगा ना हा?’ — आणि विचारणारे कोण, तर ज्यांनी ह्यांच्याच स्टुडिओत आपल्या मुलींचे स्थळांना पाठवायचे फोटो काढून घेतले ते. खैर. मी काय म्हणत होते, की गॅदरिंग होतं, आणि मुलांनी आपली हौस म्हणून — नाही हो, भाड्याची नाही नऊवारी. भाड्याच्या साडीला असा काष्टा बसतो का कधी? बघा ना नीट, मागून घोट्यापर्यंत सरळ एक रेघ आहे, एवढं नाचूनसुद्धा जागचा हलला नाही, मी स्वतः घातलाय तो, सुटेल कसा —

हं.

हो. मी होते तिथे.

निघून गेलं तोंडातून. आता काय लपवू? गॅदरिंग नव्हतं ते. सिटी सेंटरला एक हॉटेल आहे, त्याच्या तळघरात हॉल आहे, तिथे होता कार्यक्रम. ड्रॅग शो म्हणतात त्याला. पुरुष बाईचा वेष करतात, नटतात, नाचतात, नकला करतात, लोक तिकीट काढून बघायला येतात. वाईट काही नसतं त्यात विजयाबाई, देवाशपथ सांगते, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. मला आधी माहीत होतं का? माहीत होतं असं नाही, आणि माहीत नव्हतं असंही नाही. आईला कळतं. कपाट उघडल्यावर साड्यांची घडी आपण घातलेली आहे की दुसऱ्या कुणी, हे कळतं की नाही? मी विचारलं नाही कधी. तो पण बोलला नाही. आणि मग रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते, तर दारात येऊन उभा राहिला, हातात माझी लग्नातली नऊवारी. सव्वीस वर्षांचा घोडा, पण चेहरा असा की शाळेतून मार खाऊन आलाय. म्हणाला, “आई, काष्टा घालून देशील? व्हिडिओ बघून करतोय, पण सारखा सुटतो.” मी म्हटलं, कुणाला घालून द्यायचाय? तर म्हणाला, “मला.” मी गॅस बंद केला. हात पुसले. म्हटलं, नाटक आहे का? “नाटकच समज.” मी म्हटलं, मग घरून नेसून जाशील तर टेम्पोत बसेपर्यंत चुरगळेल, तिथेच येऊन नेसवते. — आता मी असं का म्हटलं? मला नाही माहीत. रडेन, ओरडेन, असं मला वाटलं होतं इतकी वर्षं. पण समोर आल्यावर हेच निघालं, की चुरगळेल.

मग तो रडला. मी नाही. मग म्हणाला की फोटो काढणारा मुलगा आजारी पडलाय, कुणीच नाहीये, तर मी ह्यांचा कॅमेरा घेतला. तुम्हाला माहीत आहे ना, सराफ्याजवळचा आमचा स्टुडिओ — बायकांचे फोटो मीच काढायचे. पदर सारखा करायला, हनुवटी वर करायला पुरुषाने हात कसा लावायचा? म्हणून मला शिकवलं ह्यांनी. उजेड कमी असला तर कोपर पोटाशी धरायचं आणि श्वास सोडताना बटण दाबायचं. ते गेल्यापासून कॅमेऱ्याला हात लावला नव्हता मी. रविवारी लावला.

आत जायच्या रस्त्याला हॉटेलच्या चादरी-टॉवेल ठेवायची खोली होती, तीच ह्या मुलांची मेकपची. खिडकी नाही, गरम इतकं की पावडर चेहऱ्यावर टिकेना. चार मुलं होती. मी दारात गेले तशी सगळ्यांनी अंगावर टॉवेल ओढले. एकाच्या हातात डिंकाची कांडी होती, शाळेत मुलं वापरतात ना ती — भुवया चिकटवून सपाट करतात आणि त्यावर नव्या काढतात, मला काय माहीत! कंबरेला सोफ्यातला फोम कापून बांधायचा, वर कंबरेपर्यंतचे लांब मोजे दोन-दोन चढवायचे. एकजण भिंडचा, दिग्विजयसिंह — ठाकूर घराणं, हातभर रुंद छाती — तो आरशासमोर वस्तरा धरून नुसता बसलेला. मिशी काढायची होती आणि हात उठत नव्हता. त्यांच्यात बाप गेल्यावरच काढतात म्हणे. म्हणाला, “आंटी, घर जाके क्या बोलूँगा? पिताजी पूछेंगे, मैं मर गया क्या?” आणि हसला. आणि मग काढली. वस्तऱ्याने कापलं, तर मी रुमाल धरला त्याच्या ओठावर. तो मला विचारतो, “आप सच में अंबरीश की मम्मी हो? सगी?” मी म्हटलं, हो बाबा, सगी. तर म्हणाला, “मेरे ब्लाउज़ का हुक भी लगा दो फिर.” मग सगळ्यांचीच हुकं लावली मी, पिना लावल्या, एकाची नथ उलटी होती ती फिरवली. लग्नघरात असतं ना तसं झालं — आंटी इधर, आंटी ये देखो. विजयाबाई, तुम्हाला खोटं वाटेल, ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, त्यात मला कुणी हाक मारून असं कामाला बोलवलं नव्हतं. मंगलकार्यात तर मी मागच्या खुर्चीवर. हे काय तुम्हाला सांगायचं.

नाही, राग नाही हो. तुमच्यावर कशाला राग. थांबा, उठू नका, माझं बोलणं होऊ द्या.

तर शो सुरू झाला. मी स्टेजच्या खाली, बाजूला, कॅमेरा घेऊन. निवेदन करणारी मुलगी म्हणाली, “अब आ रही हैं ग्वालियर के लश्कर की शान — मंजिरीबाई!” आणि मी — मी ‘ओ’ दिली. मोठ्याने. उठलेसुद्धा. शेजारचा पोरगा बघायला लागला. अहो, मंजिरी मी आहे. माझं माहेरचं नाव. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुमन’ लिहिलं, आणि त्या दिवसापासून मंजिरी म्हणणारं कुणी राहिलं नाही, आई-वडील होते तोवर होते. अंबरीशला मी कधीतरी सांगितलं असेल लहानपणी. आणि तो बाहेर आला माझी नऊवारी नेसून, माझं नाव लावून. आणि काय केलं त्याने? हळदीकुंकू केलं. आपल्या ग्वाल्हेरच्या घरातलं हळदीकुंकू, एकटाच सगळ्या बायका झाला. ‘या या, बैठिए ना, उसळ घ्या थोडीशी, अहो परेशान नका होऊ, खूप आहे’ — अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आपण बोलतो तसंच. लोक हसून हसून लोळायला लागले. आणि मी बघतेय, तर ती बाई ओले हात पदराच्या टोकाला पुसते, मग तेच टोक डोळ्याला लावते, पाहुणी जिन्यापर्यंत गेली की मागून हाक मारून म्हणते, अहो, डबा! — ती मी होते. त्याने मला पाहिलं होतं विजयाबाई. एवढी वर्षं त्या पोराने मला नीट पाहिलं होतं. माझे फोटो हलले सगळे. श्वास सोडताना दाबायचं, तर श्वासच सुटेना.

आणि शेवटी तो ताट घेऊन खाली उतरला. पुढच्या ओळीतल्या लोकांना अत्तर लावलं, कुणाला फूल दिलं. मग माझ्यासमोर आला. मी मान हलवली — नको. सवयीने मागे सरकले. साखरपुड्याला तुमच्या जाऊबाई ताट घेऊन आल्या तेव्हा सरकले होते ना, तशीच. आणि त्याने माझी हनुवटी धरून मान वर केली आणि हळद लावली, आणि कुंकू लावलं. सगळ्या हॉलसमोर. तळघरात. माझ्या कपाळावर.

तुमच्याकडे आलाय ना फोटो, तो तेव्हाचा आहे. कुणीतरी बाजूने काढलाय मोबाईलवर. त्यात उजव्या हाताला खांदा दिसतो बघा, मोतिया रंगाच्या साडीचा — तो मी. कापलंय मला.

झालं तर, कळलं आता तुम्हाला सगळं. यापेक्षा जास्त काही नाही माझ्याकडे. तुमच्या पाया पडते विजयाबाई, माझ्या गरिमाला शिक्षा नका देऊ याची. तिचा काय दोष? तुमचा श्रीपाद फोन उचलत नाहीये तिचा मंगळवारपासून. ती आत बसून आहे, जेवत नाही, बोलत नाही. आणि अंबरीश — अंबरीश नाहीये घरात. बुधवारी ऑफिसमध्ये साहेबांनी म्हटलं, काही दिवस सुट्टी घ्या. घरी आला. मी गरिमाला बळेच बरोबर घेऊन भाजी आणायला गेले होते, परत येते तर चावी शेजारी ठेवलेली, कपाटातून चार कपडे गेलेले. शेजारणीला सांगून गेला, “आई को बोलना, शादी हो जाए, फिर आऊँगा.” तेव्हापासून फोन बंद. दिग्विजयला विचारलं, बाकीच्यांना विचारलं, कुणाकडे नाही. पोलिसात जायचं तर काय सांगू? विचारतील, का गेला. मला रात्री डोळा लागत नाही, जिन्यात पाऊल वाजलं की उठते. तुम्ही बेल वाजवलीत ना मघाशी — मी धावत आले होते. तुम्हाला वाटलं असेल, तुमच्यासाठी.

काय? मोडायला नाही आलात? खरंच? — थांबा, बसू द्या मला जरा. अहो मग आधी का नाही — बोला ना. काय अट आहे? सांगा, मी ऐकते.

अंबरीश लग्नात नको. बरं. हो... तसाही तो आता... बरं. हो म्हणते मी. कुणी विचारलं तर परदेशी गेलाय म्हणायचं. म्हणू. कॅनडाला म्हणू. लाजाहोमाला भाऊ लागतो, लाह्या कोण घालणार तिच्या ओंजळीत — पुण्याचा चुलतभाऊ आहे, ध्रुव, त्याला बोलावते. हो. कान पिळायलाही तोच. होईल. पत्रिकेत नाव नको, बरं, नाही छापत. मी सगळं हो म्हणतेय ना? मग झालं तर. मतलब, लग्नापुरतं. नंतर मग हळूहळू लोक विसरतात, दिवाळीला वगैरे —

नंतरही नाही?

मतलब, तुमच्या घरी नाही, समजलं. पण गरिमाने इथे, माहेरी आल्यावर... नाही? फोनवरही नाही? भाऊबीजेला, विजयाबाई? भाऊबीजेलाही नाही?

लिहून नको म्हणता, तोंडी चालेल. देवासमोर. बरं. मी म्हणते. तुम्ही म्हणाल तसं म्हणते. काय म्हणायचं — मला एकच मुलगी — की मला अंबरीश नावाचा...

थांबा. फोन वाजतोय. आत. गरिमाचा. गरिमा? कोण आहे गं? श्रीपाद आहे का — विजयाबाई, श्रीपादच असेल, बघा — गरिमा? रडतेस का? कोण आहे? काय? अंबरीश? दे. दे इकडे. कुणाचा नंबर आहे हा? चहावाल्याचा? अंबरीश! अरे कुठे आहेस तू? कुठल्या स्टेशनवर? झाँसी? तेव्हापासून झाँसीला? राहिलास कुठे, खाल्लंस काय? आवाज असा का येतोय तुझा — ताप आहे का रे? ऐक. ऐक माझं. तू तिथल्या तिथे बस. कुठल्याही गाडीत चढू नकोस, कळलं? आणि फलाटाच्या कडेला उभा राहू नकोस. माझी शपथ आहे. त्या भैयाला दे फोन. दे म्हणते ना. भैया, वो मेरा बेटा है, उसको बिठा के रखिए, चाय पिलाइए, कहीं जाने मत दीजिए, मैं आ रही हूँ, ग्वालियर से, अभी निकल रही हूँ, मैं उसकी माँ हूँ, भैया, सगी माँ —

गरिमा, चप्पल घाल. नाही, केस राहू दे. शाल घे त्याच्यासाठी, आणि माझी पर्स, तिथे फ्रिजवर. टॅक्सी मिळाली तर टॅक्सी, नाहीतर बस. चल.

विजयाबाई, उठा तुम्ही. नाही, आता नाही ऐकत मी. उत्तर? मघाशी दिलेली सगळी परत घेते मी. श्रीपादला हवं असेल तर त्याने यावं आणि गरिमाला विचारावं, आईला पाठवू नये. आणि नसेल यायचं, तर ती बघा, ती चप्पल घालून उभी आहे, तिला काय वाटतं ते तिच्या तोंडाकडे बघून तुम्हालाच कळेल. पर्स घ्या तुमची. पाणी तसंच राहिलं तुमचं, राहू द्या.

सरका विजयाबाई. कुलूप लावायचंय.