वाघचौरे सरांचा काळा पडदा

बसा, बसा मंडळी! पुढं सरका, बायाबापड्यांना वाट द्या. टाळकरी, जरा दम घ्या. पांडुरंगाचं नाव घेतलंत, आता कान माझ्याकडं द्या. आज एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका.

भाऊ जिवंत आहे. बहीण जिवंत आहे. दोघांत बोलणं नाही. वर्षांमागून वर्षं नाही! मग सांगा मला — त्या दोघांतली माया गेली कुठं? आटली? मेली? का आहे तिथंच आहे, आणि नुसती दिसायची बंद झाली?

गप्प का झालात? घराघरात आहे म्हणून ना? असू द्या. ऐका!

करमाळ्यात दिगंबर वाघचौरे म्हणून एक सर होते. टायपिंगचा क्लास चालवायचे. स्टँडमागच्या गल्लीत शिरलं की खडखड, खडखड, खडखड! मशीनवर पोरं अशी तुटून पडायची की शेजारच्या न्हाव्याचा वस्तरासुद्धा त्या ठेक्यावर चालायचा म्हणतात! अहो, तुमच्यातले कितीजण असल्या क्लासात बोटं झिजवून नोकरीला लागले? वर करा हात! बघा, मृदंगवाल्या बुवांचाही हात वर!

पुढं काळ बदलला. सरांनी क्लासात कॉम्प्युटर आणला. गावातला पहिला! टेम्पोतून उतरवला तेव्हा गल्ली गोळा झाली. सरांच्या आईनं, गोदाक्कांनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नाही! देवळात तरी एवढं पाळता का तुम्ही?

पण त्या यंत्राशी खरी गट्टी जमली ती सरांच्या धाकट्या बहिणीची, कुमुदची. सर चालवायचे भीत भीत, आणि ही पोरगी झाकण उघडून आत हात घालायची! "दादा, हे बघ, हा ह्याचा मेंदू. आणि ही पट्टी आहे ना, ही ह्याची आठवण." सर म्हणायचे, "कुमे, शॉक बसंल गं!" आणि मनातून छाती अशी फुगायची! दुपारी क्लास सुटला की बहीणभाऊ एका ताटात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खायचे. ते दिवस सर आयुष्यभर विसरले नाहीत.

एका दुपारी कुमुदनं बारकासा माईक आणला, गोदाक्कांच्या तोंडापुढं धरला आणि त्यांचं बोलणं कॉम्प्युटरमध्ये साठवलं. सहज! गंमत म्हणून! पुढच्याच हिवाळ्यात गोदाक्का गेल्या.

घर पोरकं झालं. आणि वर्ष सरलं तशी कुमुद एक दिवस म्हणाली, "दादा, माझं भास्करशी लग्न ठरलंय. मीच ठरवलंय." भास्कर शिकलेला, निर्व्यसनी, सांगलीला नोकरीला. खोट एकच — जात दुसरी!

झालं! सर कडाडले, "जायचं तर जा! पण गेलीस की माझी बहीण मेली!"

बघा मंडळी. जिभेला हाड नसतं म्हणून काय काय बोलतो आपण! कुमुद गेली. रडली नाही, भांडली नाही. पिशवी उचलली आणि गेली.

इकडं क्लासचे दिवस संपत आले. टायपिंगची मशीनं गेली, बाकीचे कॉम्प्युटर गेले. सर केस पिकून घरी बसले. पण तो पहिला कॉम्प्युटर त्यांनी ठेवला, माजघरातल्या टेबलावर, वर विणलेला रुमाल घालून. का ठेवला? सांगतो. दरवर्षी आईच्या तिथीला, पान वाढायच्या आधी, सर माजघराचं दार लावून घ्यायचे. कॉम्प्युटर चालू करायचे. आणि आईचा आवाज ऐकायचे. एकटेच! बायको नलिनीवहिनींनासुद्धा आत घ्यायचे नाहीत.

आणि ज्या पोरीनं तो आवाज साठवला, तिच्याकडं काय होतं? काही नाही! विठ्ठल! विठ्ठल!

एका वर्षी तिथी आली. स्वयंपाक झाला. सरांनी दार लावलं, बटण दाबलं. पंखा घरघरला. सीपीयूच्या डब्यावर हिरवा दिवा लागला. पण पडदा? काळा! काळाकुट्ट! सर थांबले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पंखा फिरतोय, दिवा जळतोय — पडद्यावर अमावास्या! मग सरांनी आपल्याकडचा सर्वांत जुना उपाय केला. कोणता? थापट! वरून एक मारली, बाजूनं एक मारली. हसू नका, तुम्ही टीव्हीला मारलीच आहे!

ओळखीच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं उभ्या उभ्या पाहिलं. "सर, म्हातारं झालंय. बोर्ड गेलं असणार. भंगारात काढा, नवा घ्या."

"आणि आतलं?"

"आतलं कसलं आता? गेलं म्हणून सोडा."

तो गेला. सर खुर्चीत बसले ते बसलेच. आई दुसऱ्यांदा गेली होती मंडळी! आणि या वेळी खांद्यावर डोकं ठेवायला बहीणही नव्हती.

नलिनीवहिनी दारात आल्या. "कुमुदताईंना विचारा."

"ती कुठं आहे मला काय माहीत!"

"मला माहीत आहे." वहिनींनी आपला फोन पुढं केला. "लावते."

सरांनी पडद्यावरचं नाव वाचलं. "हा तर गिरणीवाला आहे!"

"गिरणीवाला नाही. कुमुदताईच आहेत."

अहो, इतकी वर्षं! दर पंधरवड्याला वहिनी म्हणायच्या, "दळणाचं विचारते हो," आणि परसात जाऊन नणंदेशी बोलायच्या! सरांना वाटायचं, काय ही बाई, पिठासाठी एवढं हसायचं! हसा, हसा माउल्यांनो! ज्या घरात अशी एक बाई आहे ना, ते घर तुटत नाही.

फोन लागला. वहिनींनी सगळं सांगितलं आणि फोन सरांच्या हातात कोंबला.   कुमुद आता तिकडं पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होती, पोरांना कॉम्प्युटरचं हेच काम शिकवत होती. 

ती म्हणाली, "दादा, मॉनिटरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

बघा! 'कसा आहेस' नाही, 'आता आठवण झाली का' नाही! दिव्याचा रंग!

"नारिंगी. लुकलुकतोय."

"म्हणजे मॉनिटर जिवंत आहे. वाट बघतोय बिचारा, डब्याकडून काही येत नाही म्हणून. मागची वायर बघ. दोन्ही स्क्रू घट्ट आहेत?"

"आहेत."

"मग फोन डब्याजवळ धर आणि चालू कर."

सरांनी धरला. पंख्याच्या घरघरीत एक बारीक आवाज होता — पीऽऽप… पीऽऽप… पीऽऽप… सकाळपासून होता! सरांनी ऐकला नव्हता, दुकानदारानं ऐकला नव्हता. सांगलीत बसून कुमुदनं ऐकला.

"दादा, बोर्ड गेलेलं नाही. तेच ओरडून सांगतंय, माझी रॅमची पट्टी नीट बसलेली नाही. स्विच बंद कर, वायर काढ, झाकण उघड."

सरांनी झाकण उघडलं. आत ही धूळ! आणि लाल लाल काहीतरी.

"कुमे, आत… कुंकू आहे गं."

"दर दसऱ्याला वाहिलं असशील मूठमूठ!" आणि ती हसली! तेच हसणं! सरांच्या डोळ्यांपुढं पट्टी दिसेना, पाणी आलं.

तिनं सांगितलं तसं त्यांनी आधी अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडी सांगाड्याला हात लावला, दोन्ही कडांच्या पांढऱ्या खिट्या मागं केल्या, पट्टी उपसली. खोडरबरानं तिची सोनेरी कड हलकेच घासली, कोरड्या ब्रशनं खाच झाडली. पुन्हा बसवताना सर म्हणाले, "मोडंल गं!" "दाब दादा. भिऊ नकोस. टक् आवाज येईस्तोवर."

टक्!

वायर लावली. बटण दाबलं. एकच बारीक शीळ — आणि पडद्यावर अक्षरं! पांढरी अक्षरं धावायला लागली मंडळी! वहिनींनी हात जोडले. सर ओरडले, "आलं! कुमे, आलं!"

"आतलं सगळं असेल बघ. दिसत नव्हतं, म्हणजे पुसलं गेलं असं नाही." मग तिनं विचारलं, "दादा… मला ऐकवशील?"

इतक्या वर्षांत तिनं भावाजवळ मागितलेलं हे पहिलं मागणं!

सरांनी फोन स्पीकरजवळ धरला आणि आईचा आवाज माजघरात आला. "हे काय दांडकं धरलंयस गं तोंडापुढं? काय बोलू? शेंगोळ्या केल्यात, सांगू का? कुळथाचं पीठ घ्यावं, लसूण सढळ हातानं घालावा…"

पलीकडं कुमुद हुंदके देत होती. आता ऐका! सर दरवर्षी इथवरच ऐकायचे. यापुढं एक वाक्य होतं, आणि ते यायच्या आत त्यांचा हात बटणाकडं जायचा. ते वाक्य त्यांना सोसत नव्हतं. आज एका हातात फोन, दुसरा डोळ्यांवर. बटण दाबायचं राहिलं. गोदाक्का बोलल्या —

"पुरे आता तुझं यंत्र! दिगू, आधी कुमीला जेवायला बसव. ती भुकेली राहिली तर मला अन्न गोड लागायचं नाही."

  वहिनींनी हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि तो ताठ माणूस लहान पोरासारखा म्हणाला, "कुमे, चुकलो गं मी. पान वाढायचं थांबवलंय. ये. भास्कररावांना घेऊन ये."

"दादा, सांगलीहून यायला संध्याकाळ होईल."

"होऊ दे!"

त्या दिवशी वाघचौऱ्यांकडं दुपारची पानं दिवेलागणीला वाढली. गाडीचा आवाज आला तसे सर अनवाणी फाटकापर्यंत गेले. बहिणीकडं बघायचं धाडस होईना, म्हणून आधी भास्कररावांच्या हातातली पिशवी घेतली. भास्करराव वाकायला लागले, तर सरांनी त्यांना मधेच धरलं आणि छातीशी लावलं. आणि कुमुद? ती सरळ आत गेली, पाट मांडले, आणि दादाच्या ताटाशेजारचा पाट ओढून बसली.  आणि शेंगोळ्यांत लसूण अगदी सढळ होता!

तर मायबाप, ही कथा झाली त्यांची. आता तुमची! तुम्ही कुणाला 'मेला', 'संपलं', 'भंगारात काढलं' म्हणून बसला आहात? झाकण उघडून पाहिलंत का एकदा? का दुसऱ्यानं उभ्या उभ्या सांगितलं आणि तुम्ही मान डोलावली? तो माणूस त्याच्या घरी बारीक आवाजात हाका मारत असेल हो! आणि आपण? आपण आपल्याच घरघरीत!

मी इथं उभा राहून टाळ वाजवीन, तुम्ही माना हलवाल, आणि प्रसाद खाऊन घरी जाल. तसं नको! आज प्रसादाआधी एक काम. खिशात फोन आहे ना प्रत्येकाच्या? मघापासून कीर्तनात वाजतोयच! काढा बाहेर. ते एक नाव शोधा. कोणतं, ते मी कशाला सांगू — तुम्हाला केव्हाच आठवलंय!

लावा. मी थांबतो. पांडुरंगही थांबेल. त्याला सवय आहे उभं राहायची!