टाकीतला दगूड

अरे, समुद्राच्या माशांची टाकी नवी मांडली की पहिला महिना त्यात मासा सोडायचाच नसतो. नुसतं खारं पाणी, समुद्रातला दगूड अन् वरून निळा दिवा. पाणी मुरू द्यावं लागतं. पर हे आमच्या अण्णांना कोण सांगनार?

"हितं टँकरची वाट बघून डोळं फुटलं, अन् तू जारच्या पाण्यात मीठ कालवून दगूड भिजवतूस? उद्या सकाळी टाकी रिकामी पायजे!"

म्या म्हनलं, "न्हाय करत. घराबाहेर काढा, टाकी घेऊन जातो."

सकाळी अण्णा बादली घेऊन टाकीपाशी उभे, अन् तेवढ्यात ईट गावावरनं आत्या आली. अण्णांची थोरली बहीण. निळ्या उजेडात पाण्यातला दगूड बघितला, तशी चपला काढून हात जोडले.

"कुठला रं ह्यो?"

"समुद्रातला, आत्या."

त्यो देव हाय असं म्या एकदाबी म्हनलं न्हाय.

आत्या अण्णांवर खेकसली, "बादली ठेव खाली! पाण्यातनं उठवतूस व्हय त्याला?"

अण्णा आजवर आत्याला उलट बोललेले न्हाईत. बादली ठेवली.

"निवद काय लागतो?" आत्यानं मला इचारलं.

"कोळंबी. पुढच्या महिन्यापासनं."

"तिखटाचा देव हाय म्हन की." मग अण्णांकडं वळली. "निवद घरच्या कर्त्यानंच आनायचा असतो."

आता टाकीत दोन मासे हायेत, अन् कोळंबीला दर रविवारी अण्णा सोलापूरच्या मासळी बाजारात जातेत. पिशवीला आत्यानं हळदकुंकू लावून दिलंय.