मोराल स्टेशनची माती

...हसा, खुशाल हसा, पण आधी मला सांगा, हा काय अवघड प्रश्न आहे का हो? गाव कुठलं? बास, एवढंच! कुणालाही झोपेतून उठवून विचारा, डोळे न उघडता सांगेल. आणि माझ्या आजोबांचं गाव शोधता शोधता माझा एक गुडघा कामातून गेला, माझ्या टायरच्या दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या त्या लबाड तिबुर्सियोकडे गेली, बायको माझ्याशी फक्त कुत्र्यामार्फत बोलायला लागली... कशासाठी? मूठभर मातीसाठी!

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या आईचं. कुका तिचं नाव, नव्वदीला टेकलीये, कानाने अधू, पण आपल्याला हवं तेवढं बरोब्बर ऐकते. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा इलारियो, मेक्सिकोतून सरहद्दीवरचा पूल ओलांडून इकडे टेक्सासात आले, कापूस वेचला आणि आई लहान असतानाच गेले. जाताना आजीला म्हणाले, "माझ्या गावची मूठभर माती आण आणि माझ्यावर घाल." झालं! आता आजीला गाव माहीत होतं, पण तीही वर्षाच्या आत गेली, माती राहिली आणि गावाचं नाव तिच्याबरोबर गेलं. तेव्हापासून आमची आई रोज सकाळी कॉफी पिताना माझ्याकडे बघून म्हणते, "अन्सेल्मो, वर गेल्यावर आप्पांना मी काय तोंड दाखवू रे?" रोज! अहो, कॉफी घशाखाली कशी उतरेल माणसाच्या?

म्हणून गेलो मी वाचनालयात. तिथे पुलावरच्या जुन्या नोंदी आता काँप्युटरवर बघायला मिळतात. कोण आला, कधी आला, उंची किती, खूण काय. तिथल्या ताफोया बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, म्हणाल्या, "नाव सांगा." म्हटलं, इलारियो ओंतिवेरोस. एक बटण दाबलं त्यांनी आणि म्हणाल्या, "घ्या." बघतो तर इलारियोच इलारियो! उंची मध्यम, रंग सावळा, डोळे तपकिरी. अहो, हे वर्णन आमच्या अख्ख्या कौंटीचं आहे, त्यात पोलीसपाटील, पाद्री आणि ताफोया बाईसुद्धा बसतात!

शेवटी आई म्हणाली, "आप्पांची डावी करंगळी अर्धी होती. दोरात सापडून तुटली." त्यावरून सापडले. पण कसे सापडले? तर एकदा नाही, पन्नासदा! हा माणूस सोमवारी इकडे यायचा, शनिवारी तिकडे जायचा. पुलावरच्या साहेबाने दर वेळी विचारायचं, "कशासाठी आलास?" आणि यांनी दर वेळी नवीन काहीतरी सांगायचं. एकदा कापूस, एकदा मावशी, एकदा म्हणे दात काढायला. शेवटच्या नोंदीत, किती दिवस राहणार, तर आठवडाभर. त्यानंतर नोंदच नाही. म्हणजे आमचे आजोबा अमेरिकेत आलेच नाहीत हो, ते फक्त एका शनिवारी परत जायचे राहिले!

मी आईला म्हटलं, "बघ, तुझे आप्पा साहेबाला खोटं बोलले." तर म्हातारी ताडकन म्हणाली, "आप्पा कधी खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच आठवडाभरच राहायचं होतं."

पण पुढे ऐका. त्या सगळ्या नोंदींत एक गोष्ट मात्र दर वेळी तीच. गाव कुठलं? मोराल. पन्नास वेळा मोराल! ताफोया बाईंनी नकाशावर बोट ठेवलं, मोराल होतं, वाळवंटात, रेल्वेच्या रुळावर. मी घरी येऊन सांगितलं तर आईने देवीपुढे मेणबत्ती लावली, कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा घासूनपुसून लख्ख केला, माती आणायला. आणि केसांना तेल लावून बसली, जसं काही आप्पा स्टेशनवर न्यायलाच येणार आहेत!

निघालो. माझी पिकअप, आई पुढे, मांडीवर डबा. वाटेत दर थोड्या वेळाने, "आलं का रे?" नाही आई. "आता?" नाही आई. गुडघा ठणकतोय, ऊन मी म्हणतंय, रस्ता म्हणजे नुसता धुरळा... आणि आलं एकदाचं मोराल.

तुम्हाला काय वाटलं, काय असेल तिथे? चर्च? विहीर? ओट्यावर बसलेला एखादा दूरचा चुलता? काही नाही! पत्र्याची शेड, मोडकं बाकडं, दोन शेळ्या आणि एक बाई, मक्याच्या जाड गोर्दिता भाजत बसलेली. आमच्याकडे बघितलं, आईच्या मांडीवरचा डबा बघितला आणि उसासा टाकला.

"तुमचेही आजोबा का?"

म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"डब्यावरून. बसा. आधी खाता की आधी खरं ऐकता? खरं ऐकल्यावर कुणी खात नाही, माझा धंदा बुडतो."

आई म्हणाली, "आधी खरं."

ती बाई म्हणाली, "आजी, इथे कुणी जन्मलेलंच नाही. हे गाव नव्हे, इथे गाडी थांबायची. मुकादम आसपासच्या वस्त्यांवरून माणसं गोळा करून इथे आणायचा, गाडीत भरायचा. पुलावर साहेब विचारायचा, गाव कुठलं? आता ज्याची वस्ती तीन घरांची आणि एका विहिरीची, तो काय सांगणार? कोण ओळखणार? सगळे सांगायचे, मोराल. शिकागोहून एक कुटुंब आलं, बँड घेऊन. या बाकड्याला हार घालून गेले!"

मी विचारलं, "मग वस्त्या कुठेत?" तिने उलथन्याने चारी दिशा दाखवल्या. "विहिरी आटल्या, माणसं गेली. नावंही आता कुणाला नाहीत माहीत."

आई किती तरी वेळ त्या चारी दिशांना बघत होती हो. मग हळूच म्हणाली, "आप्पा यातल्या कुठल्या बाजूने आले असतील?" आणि तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. साठीचा माणूस मी, शेळ्यांसमोर रडलो.

बाई बिचारी म्हणाली, "आजी, इथलीच न्या थोडी. सगळे नेतात." आई म्हणाली, "नको गं. ही गाडीची वाट बघायची माती. त्यांना आणखी किती वाट बघायला लावू?" आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. गोर्दिता? नाही खाल्ल्या. धंदा बुडालाच तिचा.

परत पुलावर. रांग ही लांब! शेवटी साहेबाने आत डोकावून डब्याकडे बोट दाखवलं. "यात माती नाही ना? माती आणायला बंदी आहे."

आई म्हणाली, "नाही साहेब. मिळालीच नाही."

त्याने डबा उघडला, आत बघितलं, उलटा केला, आपटला, पुन्हा आईच्या मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळला. "राहता कुठे?"

"एल पासो," मी म्हटलं. त्याने खटाखट टाइप केलं आणि हात हलवला, जा.

गाडी थोडी पुढे गेली आणि आई म्हणाली, "एल पासो कधी झालं रे आपलं गाव?"

"अगं आई, एल पासो मोठं शहर, आपलं लोमा सेका कोण ओळखणार? चार गल्ल्या, डांबर नाही, दोन टायरची दुकानं, तीही..."

आणि जीभ तिथेच अडकली. आई डब्यावरून हात फिरवत पुटपुटली, "तूही आप्पांवरच गेलास."

साधा प्रश्न होता हो! गाव कुठलं? आणि माझ्यासारख्या माणसाने, एवढी पायपीट करून, त्याच पुलावर...

तर आता एवढंच करा. पुढेमागे माझी एखादी पणती हातात रिकामा डबा घेऊन एल पासोभर मला शोधत फिरेल. कुणाला भेटलीच, तर तिला काही सांगू नका. आधी पोटभर जेवायला घाला.