कॉलमनला हाक

शहापूरच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या नम्रताच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. नवराबायको नुकतेच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले होते.

"हा तुमचा वेक-अप कॉल हाये, असं बोलला ना डॉक्टर? म्हंजे काय वो?"

"म्हंजे छातीत दुखलं ती हाक समजा, आता जागं व्हा, तंबाखू सोडा. चल, कसाऱ्याची गाडी चुकंल."

"मग तुमी काय बोललात?"

"हो बोललो. आणखी काय बोलणार?"

"अवो, तुमी रेल्वेचे कॉलमन. ड्युटीला उठवायला जाता, तवा डायवर आतून 'हो' बोलला का लगेच माघारी फिरता?"

"छ्या! 'हो' बोलून गोधडीत परत घोरतात लेकाचे. पाय जमिनीला लागलेले दिसंस्तोवर मी दारातून हलत नाय. चल, उठ ना आता."

"पयली खिशातली पुडी काढा."

"येसू, लोकं बघतात गो."

नम्रतानं घाईघाईनं नजर भिंतीकडं वळवली.

"बघू दे. तुमी आतून 'हो' बोललात. मी दारात उभी हाये."