चौदावा सोमवार

उपवासाचा एवढा तोरा मी आजवर कुणाचा पाहिला नाही. बडोद्याच्या दवाखान्यात ती बाई आणि तिचा आजारी भाऊ माझ्या शेजारीच बसले होते.

“ताई, खा काहीतरी. चक्कर आली म्हणून त्यांनी तुझं रक्त घेतलं नाही.”

“सोळा सोमवार तुझ्यासाठीच धरलेत, विक्रम. आज चौदावा.”

“गेल्या वर्षी मला तुझ्या हाडांच्या मज्जेतल्या पेशी दिल्यास तेव्हाही उपाशीच होतीस. म्हणून त्या आता मलाच खातायत. कातडी बघ माझी.”

“डॉक्टर म्हणाले, परक्या अंगात गेल्या की पेशी असं करतात कधी कधी.”

“आणि हेही म्हणाले, की तुझ्या नव्या रक्तातल्या पेशी लॅबमध्ये बदलून माझ्यात सोडल्या, तर ही मारामारी थांबेल. जेवून चारच्या आत ये म्हणाले.”

“पुढच्या खेपेला देईन.”

“पुढची खेप महिन्यानं. तोवर मी उरायला हवा.”

“व्रत मोडलं तर महादेव रागावेल.”

“महादेव थांबेल गं. लॅब चारला बंद होते.”

ती हटेना. मी डबा उघडला आणि मेथीचा थेपला तिच्या हातात कोंबला.

“खा मुकाट्यानं. महादेवानं विचारलंच, तर प्रतापनगरच्या जिजाबाईनं भरवलं म्हणून सांग.”